शहात्तर रेघा

३ डिसेंबर, रविवार

ही वही विकत घेऊन दोन महिने झाले. लिहिण्यासारखं काही घडत नाही, असं स्वतःला सांगत होते. आज घडलं.

मृणालीचा फोन गेल्या सोमवारी आला, सहा वर्षांनी. पेणच्या कॉलेजात आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो. शेवटच्या वर्षी ती माझ्या नोट्स वाचून पहिली आली आणि मी तिसरी. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. आता तिने खाडीकाठच्या जुन्या वास्तूंसाठी संस्था काढली आहे. म्हणाली, "नूतने, रोह्याच्या कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांना शिक्के मारत बसलीयस. एवढं इतिहासाचं डोकं वाया चाललंय." शिक्के मारते हे खरं. डोक्याचं मला माहीत नाही. पण फोन ठेवल्यावर मी आरशात पाहिलं, हेही लिहून ठेवते.

काम असं आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी बोटी खाड्यांमधून आत शिरतील या भीतीने ब्रिटिशांनी इथे काँक्रीटची ठाणी बांधली होती. युद्ध संपलं, पलटण गेली, ठाणी तशीच राहिली. अशी सात आमच्या यादीत आहेत. प्रत्येकाची पाहणी करायची, मापं घ्यायची, फॉर्म भरायचा. अहवालावर नाव माझं.

सकाळच्या गाडीने कासूला उतरले. मृणाली पेणहून कार घेऊन आली होती. खारबेडी गावाच्या पुढे, खाडी जिथे वळते तिथे मातीच्या बांधातच ठाणं उभं आहे. भिंती दोन फुटांहून जाड, खाडीच्या बाजूला बंदुकीसाठी तीन अरुंद फटी. मागे मिठाचे वाफे. मी पुस्तकात अशी ठाणी पाहिली होती, पण फटीतून बाहेर बघताना अंगावर काटा आला. कुणीतरी इथे उभं राहून कधीच न आलेल्या शत्रूची वाट पाहिली असेल.

आत मात्र झाडलोट केलेली होती. चटई, पाण्याचा हंडा, तीन दगडांची चूल, भिंतीला टेकवून ठेवलेली मीठ ओढायची लाकडी फावडी. मृणाली म्हणाली, "कुणीतरी घुसलंय इथे." मला तो शब्द आवडला नाही.

१० डिसेंबर, रविवार

एकटीच गेले. मिनीडोर रिक्षावाल्याने बांधाच्या तोंडाशी सोडलं. ठाण्याच्या दारात एक म्हातारी पान लावत बसली होती. बायजाबाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे, पाठ अजून ताठ.

"कोन गो तू? कंपनीची काय?"

"नाही काकी. रोह्याहून आले. कॉलेजात असते. या खोलीचा इतिहास लिहायचाय."

"हिचा कसला इतिहास? ही पलटनीची खोली. गोरं गेलं, आमी आलो. झाला इतिहास." आणि स्वतःच हसल्या. "बस. उन्हात काय उभी ऱ्हातेस, काली पडशील. आधीच काय गोरी नाय."

दोन तास बसले. त्यांचं बोलणं माझ्या भाषेत उतरवते, चुकलं तर चूक माझी.

बेचाळीस साली पलटणीने या वळणावरची जमीन ताब्यात घेतली. गावातल्या सगळ्यांना रांगेत उभं करून नावं लिहून घेतली, अंगठे घेतले, लढाई संपली की जमीन परत मिळेल म्हणून सांगितलं. ज्यांनी अंगठे दिले त्यांना आजतागायत काही मिळालं नाही. बायजाबाईंचा सासरा त्या दिवशी तिवरांच्या झाडीत कमरेएवढ्या चिखलात लपून बसला. त्याने अंगठा दिला नाही. पलटण गेल्यावर हाच माणूस पहिला परत आला, फुटलेला बांध घातला आणि अकरा वाफे उघडले. घरावर त्याने एक दंडक घातला. वळणाच्या जमिनीसाठी कुठल्या कागदावर नाव द्यायचं नाही. रेशनकार्ड आहे, मतदार यादीत नावं आहेत. पण इथल्या जमिनीचं काहीच कुठे लिहिलेलं नाही. खाडीचा हा बांध दर वर्षी दिवाळीनंतर गावातली घरं वाटून घेऊन दुरुस्त करतात. वळणाचा सत्तर पावलांचा तुकडा यांच्या घराचा. तो जोवर ते घालतात तोवर वाफे त्यांचे, हे गावाला ठाऊक आहे आणि गावाला तेवढं पुरतं.

मग त्यांनी मला आतली भिंत दाखवली. मागच्या खेपेला अंधारात माझ्या लक्षातच आली नव्हती.

चुन्याच्या रेघा. बांध घालून झाला आणि वाफ्यांत पहिलं पाणी घेतलं की घरातलं वडील माणूस पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन एक उभी रेघ ओढतं. शेहेचाळीस सालापासून. सासऱ्याच्या रेघा जाड, मधेच वाकलेल्या. मग नवऱ्याच्या, लांब. दोन हजार एकपासून बायजाबाईंच्या, बारीक आणि सरळ. या वर्षीची शेवटची अजून पांढरीशुभ्र आहे.

मी मोजल्या. पहिल्यांदा पंच्याहत्तर, दुसऱ्यांदा शहात्तर. तिसऱ्यांदा फटीकडच्या बाजूने सुरुवात केली, शहात्तर. एकूण वर्षं अठ्ठ्याहत्तर होतात, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "एकोननव्वदच्या पुरात खांड पडली, बांधाला एवढं भगदाड. आनि दोन हजार पाचच्या पुरात. ती दोन वर्सं मीठ नाय. मीठ नाय तर रेघ कशाची ओढनार?" हिशेब बरोबर बसला. मला फार आनंद झाला.

फोटो काढायला त्यांनी हात आडवा केला. "बाहेरून काय ते काढ. आतलं नको. आनि कागदावर आमचं नाव घालू नको. शब्द दे."

मी शब्द दिला.

११ डिसेंबर

मृणालीला फोनवर रेघांबद्दल सांगितलं. सांगायला नको होतं का? बायजाबाई कागदाबद्दल बोलल्या होत्या, मी कागदावर काही लिहिलेलं नाही. (ही वही सोडून. पण ही माझी आहे.) मृणाली माझी मैत्रीण आहे, आणि काम दोघींचं आहे. तिने इतकं मन लावून ऐकलं की मी बोलतच राहिले. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे कागद काहीच नाही त्यांच्याकडे? नक्की?" मी म्हटलं, नक्की, ती भिंतच त्यांचा कागद.

वाक्य चांगलं जमलं असं वाटून मी ते पुन्हा म्हटलं.

२४ डिसेंबर, रविवार

तीन ठाणी झाली. कुंडलिका नदीच्या मुखाकडच्या दोन ठाण्यांचं छप्पर कोसळलंय, एकात शेळ्या होत्या.

नंतर खारबेडी. मृणालीबरोबर ऋत्विक नावाचा तरुण इंजिनीयर होता. लहान होडीतून वळणावर फिरून तो एका यंत्राने पाण्याची खोली मोजत होता. ठाण्याशी खाडीच्या खोलीचा काय संबंध, असं मी विचारलं. मृणाली म्हणाली, पुढे पर्यटकांच्या बोटी आणायच्या तर लागेल. बरोबर आहे. ऋत्विक म्हणाला, "भरतीला इथे मोठं जहाज सहज लागेल, मॅडम." पर्यटकांसाठी एवढं मोठं जहाज कशाला, असा प्रश्न मला आता, लिहिताना पडतोय. उद्या विचारीन.

७ जानेवारी, रविवार

विचारायचं राहिलं.

आज फॉर्म. सहा ठाण्यांचे सहज भरले. खारबेडीच्या फॉर्मवर 'सध्याचा वापर' या रकान्यापाशी अडले. खरं लिहायचं तर बायजाबाईंचं घर लिहायला हवं, आणि तसं लिहिलं तर दिलेला शब्द मोडतो. रिकामा सोडायचं ठरवून मृणालीला फोन केला.

ती म्हणाली, "रिकामा सोडलास तर कुणीतरी चौकशीला जाईल. मग त्यांची नावं निघतीलच. 'वापर नाही' लिही. तू शब्द दिलायस ना?"

"पण ते खोटं होईल."

"नूतन, तुझं हे कॉलेजपासूनचं आहे. त्यांनी स्वतः सांगितलं ना, आमचं नाव नको म्हणून? मग तू कुणाचं ऐकणार, त्यांचं की रकान्याचं?"

एक तास फॉर्म समोर ठेवून बसले. शेवटी 'वापर नाही' लिहिलं आणि खाली सही केली. माणसाला दिलेला शब्द फॉर्मपेक्षा मोठा, असं मनाशी म्हटलं. अजूनही तसंच वाटतं. तरी हात धुतले, का कोण जाणे.

२८ जानेवारी, रविवार

खारबेडीच्या ठाण्याची स्वच्छता मोहीम. मृणालीने पेणहून पंधरा-वीस जण आणले होते. सगळ्यांच्या टोप्या सारख्या.

बायजाबाईंच्या घरचं कुणी नव्हतं. भाचीची हळद कोलाडला, सगळं घर तिकडे गेलेलं. हे मला जगनकडून, म्हणजे बायजाबाईंच्या मुलाकडून, मागेच कळलं होतं आणि मी मृणालीला सांगितलं होतं. 'त्या दिवशी नको, ते घरी नसतील' असं म्हणायचं होतं मला. ती म्हणाली, मग तर बरंच, त्यांना त्रास नको.

मी बाहेर, छपरावरची झुडपं काढत होते. आत ब्रश घासल्याचा आवाज येत होता. दुपारी उतरून आत गेले तर भिंत ओली, राखाडी, कोरी.

मृणालीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्रेचाळीस साली अशीच असणार ना? आपण युद्धाची वास्तू जतन करतोय, नूतन. नंतरच्या लोकांनी केलेल्या खुणा नाही."

मला काहीतरी म्हणायचं होतं. पण तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. जतन करताना मूळ काळ ठरवावा लागतो, मी स्वतःच एम.ए.ला हे लिहिलंय. मी म्हटलं, "हो, अशीच असणार."

चटई, हंडा आणि फावडी बाहेर बांधावर नीट रचून ठेवली. मीच रचली.

११ फेब्रुवारी, रविवार

पेणला अहवालाचं प्रकाशन. शाल मिळाली. मृणालीने भाषणात म्हटलं, "या संशोधनामागचं डोकं नूतनताईंचं." लायब्ररीत आमच्या प्राचार्यांना बातमीचं कात्रण दाखवलं. त्यांनी चष्मा काढून वाचलं.

खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहिते. मी पीएच.डी. सोडली ती मार्गदर्शक वारले म्हणून, असं पंधरा वर्षं सगळ्यांना सांगत आले. मार्गदर्शक वारले ते मी सोडल्यावर दोन वर्षांनी. मला जमेना म्हणून सोडली. आज व्यासपीठावर बसल्यावर वाटलं, आता ते खोटं कुणाला सांगावं लागणार नाही.

खारबेडीला जायचं टाळतेय. परीक्षा आहेत, वेळ नाही. निदान असं म्हणते.

५ मार्च

जगन लायब्ररीत आला. रात्रपाळी करून थेट आला होता, कारखान्याचा निळा शर्ट अंगात होता. चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, तरी काढल्या.

टेबलावर त्याने झेरॉक्स ठेवली. गावच्या फळ्यावर लागलेली नोटीस. खारबेडीच्या वळणावरची जमीन लष्कराकडून सरकारकडे आलेली, तिथे कुणाची वहिवाट नाही, सबब ती एका कंपनीला मालाच्या जेट्टीसाठी भाडेपट्ट्याने द्यायचं प्रस्तावित आहे. हरकत असल्यास पेणच्या कार्यालयात अठरा मार्चच्या सुनावणीला पुराव्यासह हजर राहावं. सोबत जोडपत्र. जोडपत्र म्हणजे माझा फॉर्म.

"मॅडम, ही सही तुमची?"

"हो."

"'वापर नाही.' हे अक्षर?"

"माझंच."

त्याने मान हलवली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "आई म्हनत होती, तू चूक बघतोयस, ती बाय तसं लिवनार नाय. म्हनून इचारायला आलो. आता घरी जाऊन सांगतो."

मी म्हटलं, तुमच्या आईनेच मला नाव लिहू नको म्हणून...

"व्हय. नाव लिवू नको म्हनाली. आमी नायच असं लिव, असं कुठं म्हनाली?" मग झेरॉक्सची घडी करत, "आनि भिंत? ती पन तिनंच धुवायला सांगितली काय?"

तो गेल्यावर एक मुलगी पुस्तक परत करायला आली. मी त्यावर चुकीच्या तारखेचा शिक्का मारला.

६ मार्च

मृणाली पेणला भेटायला तयार नव्हती. कोलाडला हायवेवरच्या हॉटेलात भेटलो. तिने दोन कोकम सरबतं सांगितली.

जेट्टीचं तिला पहिल्यापासून माहीत होतं. नाही म्हणाली नाही. तिच्या संस्थेला पैसा कंपनीच पुरवतेय. ठाणं पाडणार नाहीत, जेट्टीच्या फाटकापाशी शोभेला ठेवणार, माहितीचा फलक लावणार. "फलकावर तुझं नाव असेल," असं ती खरंच म्हणाली.

मी म्हटलं, तू मला वापरलंस.

"मी एक शब्द तरी बदललाय का तुझ्या फॉर्ममधला? तूच लिहिलंस, तूच सही केलीस. मी हात धरला होता का?"

"भिंत?"

"भिंतीबद्दल मला सांगितलं कोणी?"

ती खाली वाकून पर्स शोधू लागली, आणि मला वाटलं तिला रडू येतंय. ते खरं की मला तसं हवं होतं, सांगता येत नाही. जाताना म्हणाली, "जगनला कायमची नोकरी मिळेल तिथे. मी बोलून ठेवलंय. आणि नूतन, पंधरा वर्षं तुला कुणी काही विचारलं नव्हतं. मी विचारलं."

सगळ्यात जास्त हेच लागलं, कारण हे खरं आहे. तिला माझं काय हवंय ते तिला विसाव्या वर्षीही माहीत होतं. नोट्स. मला तेव्हा वाईट वाटलं नव्हतं, असं या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. वाटलं होतं.

१० मार्च, रविवार

आठवडाभर पुरावा शोधतेय. माझ्याकडे भिंतीचा एकही फोटो नाही, कारण मी शब्द पाळला. संस्थेकडचे फोटो भिंत धुतल्यानंतरचे. गावची माणसं सांगतील, पण जोडपत्रात लेखी आहे आणि त्यांच्याकडे लेखी काही नाही.

लेखी फक्त एका ठिकाणी आहे. या वहीत, दहा डिसेंबरला. रेघा किती, कशा, कुणाच्या. भिंत धुण्याच्या सात आठवडे आधी लिहिलेलं.

ते पान फाडून द्यावं, असं आधी वाटलं. पण सुटं पान कुणीही काल लिहिलं असं म्हणेल. वही द्यायची तर सबंध द्यावी लागेल. आरसा, पीएच.डी., 'ती भिंतच त्यांचा कागद' हे दोनदा म्हटलेलं वाक्य, हळदीची तारीख मृणालीला मी सांगितल्याचं. पेणच्या कार्यालयात कुणीतरी हे मोठ्याने वाचेल. कंपनीचा वकील म्हणेल, या बाईंनी फॉर्मवर खोटं लिहिलं असं त्या स्वतःच सांगतायत, मग वहीवर का विश्वास ठेवायचा? कॉलेजातही कळेल.

आणि वहीत बायजाबाईंचं नाव आहे. म्हणजे ती देणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. या खेपेला तरी आधी विचारायला हवं.

१७ मार्च, रविवार

खारबेडीला जाऊन आले.

बायजाबाई बांधावर होत्या, मीठ ओढत. मला पाहूनही थांबल्या नाहीत. ढीग पुरा झाल्यावर फावडं टेकवलं आणि खोलीत गेल्या. मी मागोमाग. चटई पुन्हा अंथरलेली होती. बस म्हणाल्या नाहीत, मी उभीच राहिले.

वहीबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाच."

मी दहा डिसेंबर वाचलं. सासऱ्याच्या जाड रेघा, नवऱ्याच्या लांब. ऐकताना त्या कोऱ्या भिंतीकडे बघत होत्या. 'शहात्तर' आल्यावर मान हलवली. मी थांबले.

"फुडं?"

पुढे अकरा डिसेंबर होतं. ते वाचलं नसतं तरी चाललं असतं, त्यांना अक्षरओळख नाही. मी वाचलं. कंसातलंही वाचलं. मग हळदीचं वाचलं, भिंत धुतल्याचं, 'हो, अशीच असणार' वाचलं. जगन दारात येऊन उभा होता, तोही ऐकत होता.

बायजाबाई म्हणाल्या, "म्हंजे ती बाई आमच्या घरात शिरली ती तुझ्या तोंडातनं."

"हो."

"मी म्हनत होते, कागदाची भीती. माझा सासरा कागदाला भीत होता. त्याला काय ठावं, मानूस कागदाहून वायट." मग जगनकडे बघून, "रेघा परत काढून ठेव म्हनतात गावातली लोकं. काढायच्या काय?"

जगन म्हणाला, "नको आये. त्या आपन काढलेल्या होतील."

"मग हिची वहीच जाऊं दे."

मी म्हटलं, "काकी, त्यात तुमचं नाव आहे. तुम्ही हो म्हणाल तरच."

त्यांनी कमरेची डबी काढली, उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर चुना घेतला. भिंतीकडे जातील असं वाटलं. त्या माझ्याकडे आल्या. "कुठं लिवलंयस शहात्तर, ते दाव." मी पान उघडून बोट ठेवलं. त्याच्या खाली, मोकळ्या जागेत, त्यांनी वरून खाली एक रेघ ओढली. बारीक, सरळ.

"माझ्या सासऱ्यानं गोऱ्याला दिला नाय तो अंगठा आज मी कागदावर दिला. तुझ्यावर भरवसा हाय म्हनून नाय गो. तू दुसरं काय ठेवलंच नाय म्हनून."

चहा विचारला नाही. त्या घरात मी पहिल्यांदाच चहाशिवाय परतले, आणि ते बरोबर होतं.

आता रोह्याला, घरी. उद्या सकाळच्या गाडीने पेण. ही नोंद शेवटच्या पानावर लिहितेय, कारण दहा डिसेंबरच्या पानाला आता हात लावायचा नाही. पांढऱ्या कागदावर पांढरा चुना, उजेडाकडे तिरपं धरलं तरच दिसतो. आणि वाळला की झडतो. येताना गाडीत एकदा उघडून पाहिलं, तर खालचं टोक माझ्या मांडीवर सांडलं होतं.

वही पिशवीत आडवी ठेवली आहे. पेणपर्यंत उघडायची नाही.